डाव्या हाताचं रिव्हॉल्व्हर

माझ्या मोठ्या दिराने भर दुपारी, तुरीच्या रानात, माझं उजवं मनगट टाचेखाली रगडून मोडलं. त्यानंतर मी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पण विचारणाऱ्याला वेळ असेल तर थोडं मागून सांगावं लागतं.

माझं माहेर लोहा तालुक्यातलं, सासर औसा तालुक्यातलं. लग्न ठरलं तेव्हा मी नांदेडला राहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. कॉलेजात असताना रायफल चालवायलाही शिकले होते. निशाणा बरा होता. सासरी या गोष्टीचं सगळ्यांना हसू यायचं. पाहुणे आले की दीर मला चहा घेऊन बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "ही आमची बंदूकवाली. भाकरी जळाली तरी काही बोलायची सोय न्हाई." नवरा शांत माणूस होता. त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही, आणि चांगलं सांगावं इतके दिवस तो मला मिळाला नाही.

पहिलं मूल पोटातच गेलं. अंगात ताकद राहिली नव्हती, म्हणून वडील मला माहेरी घेऊन आले. मी माहेरी असतानाच भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, आणि दगडमातीची घरं पहाटे त्यांच्या अंगावर बसली. नवरा आणि सासू एकाच खोलीत सापडले. मोठे दीर आणि जाऊ त्या रात्री शेतातल्या आखाड्यावर, उघड्यावर झोपले होते, म्हणून वाचले.

मी पोचले तोवर सगळ्यांना एकत्रच अग्नी दिलेला होता. कुठली राख कुणाची हे सांगायला कुणी नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये मला जागा मिळाली. शेजारची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोटातलं लेकरू खाल्लं, नवरा खाल्ला, सासू खाल्ली. पांढऱ्या पायाची." तिचे स्वतःचे दोन मुलगे ढिगाऱ्यात गेले होते. हे बोलून झाल्यावर तिने तिच्या वाटणीची अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली. तिथे असंच चालत होतं. लोक एकमेकांना जेवायलाही घालत होते आणि ओरबाडतही होते, आणि दोन्ही एकाच हाताने.

दीर एकदाच बोलले. "तू वाचलीस कशी?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटलं.

मी लातूरला गेले आणि एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. देगलूर, कंधार, उदगीर, कुठून कुठून पोरं येत होती. गोठे साफ करून, वर पत्रे टाकून लोक त्यात बाक मांडत. पोरांना डॉक्टर व्हायचं होतं, आणि आईबाप त्यांच्याहून जास्त घाईत होते. दोन वर्षांनी मी स्वतःचा क्लास काढला, मागच्या पडवीत मुलांसाठी मेस सुरू केली. हातपाय पसरल्यावर मला माझं शेत आठवलं. नवऱ्याच्या वाटणीचं शेत सातबाऱ्यावर माझ्या नावाने लागलं होतं, आणि कसत होते दीर. मी गावी जाऊन त्यांना म्हटलं, "भाऊजी, माझं शेत मोजून वेगळं करून द्या."

ते तुरीत उभे होते. हातातलं खुरपं त्यांनी जमिनीवर टाकलं, हे मला नीट आठवतं, कारण मला वाटलं की आता बोलणं होणार. त्यांनी माझे केस धरले. मी पडले तेव्हा जाऊबाई धावत आल्या. मला वाटलं, सोडवायला आल्या. त्यांनी खाली बसून माझे दोन्ही पाय धरले. दीर म्हणाले, "सही करायचा हात कंचा? ह्यो ना?" आणि टाच ठेवली. बांधाच्या पलीकडे चार-पाच माणसं काम करत होती. त्यातल्या एकाने डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि पुन्हा बांधला.

पोलिसांत मी पाय घसरून बांधावर पडल्याची नोंद झाली. साक्षीदार तेच चार-पाच होते.

हाड जुळलं ते वाकडं. खडू धरला की बोटं थरथरायची. मी फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकले. अक्षरं शेळीच्या लेंड्यांसारखी पडायची, आणि मागच्या बाकावर हसू फुटायचं. हसणाऱ्यांना मी उभं करून आतड्याच्या आकृत्या काढायला लावायचे, मग पुढच्या बाकावरचे हसायचे.

परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला बोलावलं तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "जिवाला धोका कुणापासून?"

"मोठ्या दिरापासून."

"मग परवाना त्यालाच द्यायला पायजे. अशी बाई घरात म्हटल्यावर."

खोलीतले सगळे हसले. एकाने माझ्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत ते हसतच होते. पुढे एका मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, "तुम्ही माणसावर गोळी झाडू शकाल?"

"माहीत नाही."

"मग कशाला हवं?"

"त्यालाही ते माहीत नसावं म्हणून."

त्याने अर्जावर काहीतरी लिहिलं. सहा महिन्यांनी परवाना आला.

वडिलांकडे रानडुकरांसाठी जुनी दुनळी बंदूक होती, आणि नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या ज्या दुकानातून ती घेतली होती तिथले चाचा त्यांच्या ओळखीचे होते. चाचांच्या आजोबांनी निजामाच्या काळात जहागीरदारांच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या, आणि हे ते दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. वडील माझ्यासोबत आले. दुकानाच्या पायरीवर थांबून म्हणाले, "भूकंपात गेली असतीस तर रडलो असतो, विसरलो असतो. आता रोज थोडी थोडी मरून राहिलीस, आन् मी बघून राहिलो." त्यांना हे मायेनेच म्हणायचं होतं. त्यांना दुसरं बोलता येत नव्हतं.

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि कपाटातून मखमली डबी काढली. आत तळहातात मावेल एवढं, काळं, विलायती रिव्हॉल्व्हर होतं.

"बेटी, हे घे. लेडीज माल आहे. हल्का. पर्समध्ये ठेव, कुणाला पत्ता लागत नाही."

दिसायला ते सुंदर होतं. मी डाव्या हातात घेतलं.

"लेफ्टी है क्या?"

"नव्हते. केलं."

त्यांची नजर माझ्या उजव्या मनगटावर गेली. चाचांनी आत रिकामी काडतुसं घातली आणि भिंतीवरच्या एका डागाकडे बोट केलं. मी चाप ओढायला लागले. चाप एवढा जड की तो ओढता ओढता नळीचं तोंड डागावरून घसरून चाचांच्या गादीकडे वळलं. मूठ इतकी आखूड की दोनच बोटं बसत होती, करंगळी हवेत. नळीच्या टोकावर नेम धरायला जी माशी असते ती तांदळाच्या कणीएवढी. मी पुन्हा ओढला. पुन्हा नळी खाली.

"सवय होते," चाचा म्हणाले.

मला कॉलेजातली रायफल आठवली. ती जड होती म्हणूनच खांद्यात नीट बसायची. मी विचारलं, "हे उडताना जास्त झटका देणार ना? वजनच नाही याला."

चाचांनी वडिलांकडे बघितलं. "पोरगी शिकलेली दिसते."

"शिकून वाटोळं झालं," वडील म्हणाले.

"चाचा, हे कुणाचं होतं?"

त्यांनी डबीवरची धूळ पुसली. "एका वकिलाचं. त्याच्या बायकोने विकायला आणून ठेवलंय."

"वकील वारले?"

"ह्यानेच," चाचा म्हणाले, आणि डबी मिटून शांतपणे कपाटात ठेवली. ते कपाटात कित्येक वर्षं पडून होतं. घ्यायला येणारा पुरुष त्याच्याकडे बघून हसायचा, आणि बाई कुणी येत नव्हती. मी आले तेव्हा त्यांना वाटलं असणार, आज सुटका झाली.

दुसरं रिव्हॉल्व्हर लांब नळीचं होतं. मूठ हातात भरेल एवढी, चाप मऊ. नेम धरला तर नळी डागावरून हलली नाही. मला वाटलं, हेच. पण काडतुसं भरायची तर चक्र बाजूला काढावं लागतं, आणि त्याचा खटका बरोबर उजव्या अंगठ्याखाली येईल असा होता. डाव्या हाताने मला तो आडवातिडवा होऊन दाबावा लागत होता, आणि चक्र बाहेर पडलं की ते पेलायला माझ्या उजव्या हातात जोर नव्हता. चक्र दोनदा लोंबकळलं. शिवाय ते कमरेला लावून बसलं की नळी मांडीत रुतत होती. कमरेला नांगर बांधल्यासारखं वाटलं. कागदावर गोळ्या मारायच्या असत्या तर मी तेच घेतलं असतं. मला ते अंगावर घेऊन दिवसभर शिकवायचं होतं, एस.टी.त बसायचं होतं, पाणी भरायचं होतं.

तिसरं सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोअरचं. ओबडधोबड. त्याच्यावर कुणी प्रेम करणार नाही असं. ना फार छोटं, ना मोठं. हातात घेतल्यावर वजन कळत होतं, आणि करंगळीसकट सगळी बोटं मुठीवर बसत होती. ते मधोमध मोडतं, उसाच्या कांड्यासारखं. वरचा खटका मी डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबू शकत होते. नळी खाली झुकली की भरायची भोकं वर येतात. वाकड्या हाताने मी एकेक काडतूस त्यात टाकलं. एक खाली पडलं, बाकीची बसली. चाप याचाही जडच होता, पण मागचा घोडा अंगठ्याने ओढून ठेवला तर मग हलकासा स्पर्श पुरत होता.

"हे बायकांसाठी नाही," चाचा म्हणाले.

"डावखुऱ्यांसाठी आहे का?"

"कुणासाठीच नाही. सरकारी आहे." मग त्यांना स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं. वडीलही हसले. त्या दिवसातलं ते एकच हसू जे माझ्यावर नव्हतं.

मी तेच घेतलं. परत येताना वडील लोह्याला उतरले. उतरताना म्हणाले, "चालवायची वेळ आली तर दोन चालव. एकीनं माणूस लंगडा होतो आन् कोर्टात जातो."

लातूरच्या बाहेर माळावर एक गोळीबाराचं मैदान होतं. तिथे शिकवायला एक निवृत्त सुभेदार यायचे. परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसं थोडी, म्हणून ते आधी कित्येक आठवडे रिकाम्याच रिव्हॉल्व्हरवर सराव करून घेत. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. पडलं की ते लाकडी पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायचे. माझ्यासोबत एक बिल्डर आणि एक डॉक्टर शिकत होते. त्यांना पट्टी बसत नव्हती. मी विचारलं तर सुभेदार म्हणाले, "ते हौसेला आलेत. त्यांचं नाणं पडलं तर पडू दे."

माझ्या उजव्या हाताकडे बघून पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "हा हात आता फक्त आधाराला. रडायचं असेल तर रुमाल ह्याच हातात धरा. डावा मोकळा पायजे."

पहिली खरी गोळी उडाली तेव्हा कान बधिर झाले आणि डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोलली. कागद कोराच राहिला. दुसरीही वरून गेली. सुभेदार जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुणाचं तोंड आठवताय?"

मी नळी खाली केली.

"तोंड आठवलं की गोळी वर जाते. माणूस तोंडाकडंच बघतो. समोर कागद आहे, कागद बघा."

मी कागद बघायला शिकले. शिकायला पावसाळा गेला. दिवाळीपर्यंत माझ्या गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पडायला लागल्या. सुभेदारांनी शाबासकी दिली नाही. फक्त पट्टी घरी ठेवून यायला लागले.

अंगावर बाळगण्याचा त्रास वेगळाच. साडीवर ते कमरेला थांबेना. पर्समध्ये ठेवलं तर चिल्लर, किल्ल्या, खडूचे तुकडे यांतून ते हाताला लागेपर्यंत माणूस माझं दुसरं मनगटही मोडून जाईल, हे मी आरशासमोर करून बघितलं. मी साडी सोडली आणि पंजाबी ड्रेसवर सैल जाकीट घालायला लागले. डाव्या कमरेसाठी चामड्याची खोळ शिवून घेतली. गल्लीत बोभाटा झाला तो ड्रेसचा. विधवेने असं फुलाफुलांचं घालावं का, यावर बायका नळावर भांडल्या. जाकिटाखाली काय आहे ते पोरांना एका दिवसात कळलं. त्यानंतर माझ्या अक्षराला कुणी हसलं नाही. मला ते आवडलं. रोज सकाळी पट्टा बांधताना आवडायचं.

मग मी मोजणीचा अर्ज केला. मोजणीच्या दिवशी शेतात गेले तर दीर आधीच माणसं घेऊन बांधावर बसलेले.

"आली बघा फौजदारीण," ते म्हणाले. माणसं हसली. दीर उठून माझ्या दिशेने चालायला लागले. जाकिटाचं डावं पान मागे सारलं आणि हात तिथेच ठेवला. त्यांनी बघितलं. पावलं मंद झाली, मग थांबली. तंबाखू थुंकण्यासाठीच उठलो होतो असं दाखवत ते बाजूला थुंकले आणि परत जाऊन बसले. हसणारी माणसं कमरेएवढी झालेली तूर बघायला लागली. दिवसभरात मोजणीचे दगड रोवून झाले.

जाऊबाई मोजणीवाल्यांसाठी चहा घेऊन आल्या. मला कप देताना वाकल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "भरलेलं हाय का?"

"हाव."

"मग घाल की त्याला. आत्ताच. तो तुझ्या अंगावर धावला म्हणून सांगते मी. सगळ्यांम्होरं सांगते."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मस्करी करत नव्हत्या. मी म्हटलं, "नाही जाऊबाई."

त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, चहा मातीत ओतला आणि निघून गेल्या.

आठवडाभरात त्या लातूरच्या सरकारी दवाखान्यात होत्या. गावच्या एका माणसाने येऊन सांगितलं. मी गेले. पुढचे दात नव्हते, एक डोळा बंद होता. त्यांनी उरलेल्या डोळ्याने माझ्या कमरेकडे बघितलं.

"तुझं पिस्तूल बघून आला, आन् सगळं माझ्यावर काढलं. तू तवा घातली असतीस तर माझं दात वाचलं असतं."

मला संताप आला. दवाखान्यात, शेजारच्या खाटेवर एक म्हातारी कण्हत असताना, मी म्हटलं, "तुम्ही माझे पाय धरले होते."

"धरले. न्हाई धरले असते तर त्यानं माझा हात मोडला असता. तुझा मोडला ते बरं. तुला फळ्यावर लिवायचं असतंय, मला भाकरी थापायच्या असत्यात."

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, पावसाबद्दल बोलावं तसं. मी विचारलं, "आता कुठं जाणार?"

"तूच सांग."

मी त्यांना घरी आणलं. दया म्हणून नाही. मेसची स्वयंपाकीण महिनाभरापूर्वी दुसऱ्या क्लासने फोडली होती, आणि पोरापोरींच्या जेवणाचे हाल चालले होते. जाऊबाईंनी पहिल्या दिवसापासून पडवी ताब्यात घेतली. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या. पीठ संपलं, गॅस संपला, अमक्या पोराला ताप हाय. मी त्यांना माफ केलं नाही, त्यांनी ते मागितलं नाही. एका छपराखाली आम्ही अशा राहत होतो.

पुढच्या वर्षी निवडणूक लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मीही केलं. खोळ खुंटीला टांगली. पट्टा नसल्याने कंबर उघडी पडल्यासारखी वाटायची. मी जिना उतरताना भिंतीला धरून उतरायला लागले.

दीर आले ते दुपारच्या जेवणाच्या वेळी. मेसमध्ये पंगत बसलेली होती. ते सरळ आत शिरले आणि माझ्याकडे बोट करून हसले. "इलेक्शन हाय. तुझं खेळणं ठाण्यात हाय. म्हाईत हाय मला."

माझा डावा हात कमरेकडे गेला होता. त्यांनी तो रिकामा हात बघितला आणि मोठ्याने हसले. मग त्यांनी जाऊबाईंचे केस धरले. "चल. घरी कुत्र्यावानी भाकरी मागून खाऊन राहिलो मी."

मी ओरडले. आमचे भौतिकशास्त्राचे सर दारात होते. ते वर्गात गेले आणि आतून कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मी दिरांचा हात धरला तर त्यांनी मला कोपराने उडवलं. मी पिठाच्या डब्यावर पडले. पोरं भिंतीला चिकटली.

जाऊबाई ओढल्या जात होत्या, चुलीच्या दिशेनेच. ओढणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नाही. त्यांनी पदराने वरणाच्या भगुल्याचे कान धरले आणि ते उकळतं वरण दिरांच्या मानेवर, छातीवर रिकामं केलं.

तो आवाज सांगता येत नाही. दीर खाली पडले आणि सदरा फाडायला लागले. सदऱ्याबरोबर कातडीही येत होती. मी पाण्याच्या पिंपाकडे धावले. जाऊबाई माझ्या आधी तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरांचं प्यायचं पाणी हाय," त्या म्हणाल्या.

"अक्का, सरका!" मी त्यांना पहिल्यांदाच अक्का म्हटलं.

त्या सरकल्या नाहीत. मी त्यांच्यापेक्षा उंच होते, तरुण होते, त्यांना ढकलून देता आलं असतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. शेवटी पोरांनीच आपापल्या ग्लासातलं पाणी दिरांच्या अंगावर ओतलं, आणि दोघांनी रिक्षा आणली.

रिक्षा गेल्यावर अक्कांनी जमीन पुसली. मग डाळ मोजून पुन्हा कुकरला लावली. "अर्धी पंगत उपाशी हाय," म्हणाल्या. मी तिथेच पिठात बसून होते.

"मेला का?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

मी दवाखान्यात माणूस पाठवून चौकशी केली होती. "नाही. वाचतील म्हणे."

त्यांनी हातातला कणकेचा गोळा परातीत आपटला. मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. नवऱ्याला भाजलं म्हणून नव्हे. त्यांना वाटलं होतं, संपलं.

दिरांनी तक्रार दिली नाही. बायकोने, पोरापोरींच्या पंगतीसमोर, वरण ओतलं, हे त्यांना लिहून द्यायचं नव्हतं. एका लग्नात आचाऱ्याचं भगुलं कलंडलं असं त्यांनी सांगितलं. मानेची कातडी आखडली, आणि त्यांना डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. माझं शेत त्यांनी सोडलं. गावातल्या लोकांना वाटलं, मी ठाण्यातून हत्यार सोडवून आणलं म्हणून. मी आणलं होतंच, निकाल लागल्यावर. पण दीर पुन्हा कधी लातूरला आले नाहीत, आणि ते माझ्या भीतीने नव्हे.

भौतिकशास्त्राच्या सरांना मी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्याच गल्लीत स्वतःचा क्लास उघडला.

आमचा क्लास आता बुडणार असं मी धरून चालले होते. त्या जूनमध्ये प्रवेशाला रांग लागली. गोष्ट गावोगाव गेली होती, आणि जाता जाता तिचं काहीतरी भलतंच झालं होतं. देगलूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. धान्याचा व्यापार होता त्यांचा. बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, ऐकून आलो. तुमच्याकडं लई शिस्त हाय. पोरीला इथंच ठेवायचंय. बाहेरचा माणूस आत येत न्हाई म्हणे."

"येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मेस बघायला मागितली. जेवणाची वेळ होती, म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं. ताट वाढायला अक्का आल्या. गृहस्थ माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "त्या वरणवाल्या बाई कंच्या?"

अक्कांना ऐकू गेलं. त्यांनी पळी भगुल्यात बुडवली आणि विचारलं, "मीच. वाढू का?"

गृहस्थांनी ताटावर हात आडवा धरला. पोरीला मात्र घ्यायला लावलं, आणि स्वतः दोन चपात्या कोरड्याच चावत बसले.